चाचणीच्या खोलीतला पडदा

"सुईबाई सुई, तुझा धागा लांब,
शिवता शिवता जिवा, घटकाभर थांब..."

हा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला धड अंगही नव्हते. नुसत्या तीन लाकडी चौकटी भिंतीला टेकून उभ्या होत्या, आणि शिंपीणबाई जमिनीवर फतकल मारून करड्या जाड कापडाला टाके घालत गुणगुणत होती. चौकटी तिच्या नवऱ्याने, सुताराने, केल्या होत्या.

"गातेस काय? संध्याकाळपर्यंत द्यायचाय तो," सुतार ओरडला.

"गाते म्हणून तर टाके सरळ पडतात. तुझ्या बिजागऱ्या बघ, कशा रडतायत," ती म्हणाली.

सुताराने मुकाट्याने तेलाची कुपी काढली. अशा रीतीने, मित्रांनो, माझा जन्म झाला. एकाने हाडे दिली, एकीने कातडी, आणि दोघांच्या भांडणातून सांध्यांना तेल मिळाले.

मी पडदा आहे, पण खिडकीत लोंबणारा नव्हे आणि नाटकात दोरीने वर जाणाराही नव्हे. मी घडीचा पडदा. तीन पानांचे पुस्तक अर्धवट उघडून उभे ठेवावे, तसा मी उभा राहतो. उंच माणसाच्या डोक्यावरून वीतभर उरतो. मुलांच्या एका वाद्यवृंदात मी नोकरीला आहे आणि वर्षातून फक्त दोन दिवस कामावर असतो. बाकी सारे वर्ष जिन्याखालच्या अंधाऱ्या खणात, मोडक्या खुर्च्या आणि फुटक्या ढोलाच्या शेजारी. हसू नका. त्या दोन दिवसांत जे कानावर पडते, ते मला वर्षभर पुरते.

मला करवून घेतले एका व्हायोलिनवादक बाईंनी. तेव्हा त्या ऐन पंचविशीत होत्या. मला न्यायला आल्या तशा माझ्या कापडावर तळहात टेकवून म्हणाल्या, "याच्या आरपार काही दिसणार नाही ना?"

"माशीसुद्धा दिसायची नाही," सुतार म्हणाला.

"आवाज मात्र यायला हवा."

"आवाजाला कोण अडवतंय बाई!" शिंपीणबाई हसली.

बाईंना असा पडदा का हवा होता, ते मला वाटेत, हातगाडीवर कळले. गाडी ओढणाऱ्याला त्या सांगत होत्या. लहानपणी त्या अशाच एका वाद्यवृंदात वाजवायच्या. मानाच्या पहिल्या खुर्चीसाठी त्यांनी रक्ताचे पाणी केले, आणि खुर्ची मिळाली परीक्षकांच्या पुतणीला. "तेव्हाच ठरवलं," त्या म्हणाल्या, "माझ्या हातात कधी काही आलं, तर वाजवणाऱ्याचा चेहराच बघायचा नाही."

पुढे त्यांचे नाव मोठे झाले. शहरातल्या नामांकित वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागल्या. संध्याकाळी काळा पोशाख करून मोठ्या रंगमंचावर बसायच्या, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी आमच्या जुन्या सभागृहात साठ मुलांना शिकवायच्या. हातात बारीक पांढरी छडी घेऊन त्या ताल दाखवीत, म्हणून मुलांनी त्यांचे नाव छडीबाई ठेवले. त्या छडीचा मार आजवर कुणी खाल्ला नाही, पण धाक सगळ्यांनी खाल्ला. जिन्याखाली पडल्या पडल्या मला त्यांचा आवाज ऐकू यायचा.

"थांबा, थांबा! बासरीवाले, गाडी चुकतेय का तुमची? आणि मागचे, झोपला असाल तर निदान सुरात घोरा. दुसऱ्याचं ऐका रे! स्वतःचं काय, सगळेच ऐकतात."

आता माझे काम सांगतो. दरवर्षी दोन दिवस मुलांची चाचणी होते. वाद्यवृंदात कोण येणार आणि कोण कुठल्या खुर्चीवर बसणार, ते त्यात ठरते. पहिली खुर्ची म्हणजे मोठा मान. तिथे बसणाऱ्याच्या सुरावर बाकीचे आपली वाद्ये जुळवतात, आणि एकट्याने वाजवायच्या ओळी त्याच्याच वाट्याला येतात. चाचणीच्या दिवशी खोलीच्या मधोमध मला उभे करतात. माझ्या एका बाजूला दोन परीक्षक, दुसऱ्या बाजूला वाजवणारे मूल. मुलाने पिशवीतून नंबराची चिठ्ठी काढायची आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. बुटांच्या आवाजावरूनही ओळख पटू नये, म्हणून दारापासून खुर्चीपर्यंत गालिचा अंथरतात. तो अंथरायचे काम किल्लीवाल्या काकांचे. सभागृहाच्या सगळ्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. त्यांचे एक ठरलेले वाक्य होते, "इथे राजाचा मुलगा आला, तरी तो नंबर चार."

नियम बाईंनीच केले होते. प्रत्येक परीक्षकाने दहापैकी गुण द्यायचे. नव्या मुलाला आत यायला दोघांचे मिळून पंधरा लागतात. जुन्या मुलांना कुणी काढत नाही; ज्यांना पुढची खुर्ची हवी ती पुन्हा चाचणी देतात, आणि गुणांप्रमाणे त्यांची खुर्ची पुढेमागे होते. कागदावर सही झाली की बदल नाही, आणि सही होईपर्यंत मला हलवायचे नाही.

सुरुवातीची वर्षे माझ्या कौतुकाची होती. दुसऱ्या गावांहून शिक्षक यायचे, मला फिरून बघायचे, "वा, काय कल्पना आहे!" म्हणायचे. पुढे कौतुक विरले. एका उपद्व्यापी पोराने पेन्सिलीने मला भोक पाडले, त्यावर काकांनी ठिगळ लावले. एका पावसाळ्यात खणात ओल आली आणि माझ्या खालच्या कडेला बुरशी धरली. कुणाच्या ते गावीही नव्हते. पण चाचणीच्या दिवशी मी ताठ उभा राहायचो. माझ्या आडून वाजवणाऱ्या मुलाचा थरथरता श्वास कापडाला लागायचा, आणि मला वाटायचे, पोरा, घाबरू नकोस, तू कुणाचा कोण हे मी कुणाला कळू देणार नाही.

मग बाईंची भाची आली.

बाईंच्या धाकट्या बहिणीची बदली लांबच्या गावी झाली. तिथे व्हायोलिन शिकवणारे कुणी नव्हते, म्हणून दहा वर्षांची ही मुलगी मावशीकडे राहिली. तिला सोडायला आलेली आई सभागृहाच्या दारात हसत, डोळे पुसत बाईंना म्हणाली, "माय मरो नि मावशी उरो, म्हणतात. मी काही मरत नाहीये गं ताई, नुसती बदली झालीय. पण तू उर हं."

"उरते. जा तू, गाडी सुटेल," बाई म्हणाल्या.

घरी ती त्यांना मावशी म्हणायची. सभागृहात मात्र बाई. एकदा तालमीत चुकून तिच्या तोंडून "मावशी, पान उलटू का?" असे निघून गेले, आणि साठ पोरांनी आठवडाभर 'मावशी, मावशी' करून बाईंना भंडावून सोडले. त्या दिवशी बाई तिला म्हणाल्या, "हे बघ, या दाराच्या आत मी कुणाची मावशी नाही."

पोरीने मान हलवली. पुन्हा ती चूक तिने कधी केली नाही.

तिला एक सवय होती. वाजवण्याआधी ती अंगठ्याने सगळ्यात जाड तार हलकेच छेडायची. थुम्म. दारावर टकटक करून मग आत जावे, तसे. बाईंच्या घरी रोज सकाळी स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडून हा थुम्म यायचा म्हणे, आणि मग तिचा रियाज सुरू व्हायचा.

चौदाव्या वर्षी तिने पहिल्यांदाच व्हायोलिनच्या पहिल्या खुर्चीसाठी चाचणी दिली. पिशवीतून चिठ्ठी निघाली नऊ नंबरची. ती गालिच्यावरून आली, माझ्याआड उभी राहिली, आणि आवाज आला, थुम्म.

पलीकडे बाईंची पेन्सिल थांबली.

मग तिने गज तारांवर टेकवला. मित्रांनो, मी बरेच ऐकले आहे. काही मुले सूर असे वाजवतात की जणू पाठ केलेले उत्तर धडाधडा म्हणून टाकतायत. ही तसे नाही वाजवायची. ओढ्याकाठी बसून पाण्याला काही विचारावे आणि पाण्याने उत्तर द्यावे, असे काहीतरी ती करायची.

बाईंनी कागदावर नऊ लिहिले. मी पाहिले. मग त्यांनी खोडरबर घेतला, नऊ पुसला, रबराचा चुरा फुंकरीने उडवला आणि तिथे सात लिहिला.

दुसरे परीक्षक ट्रंपेट वाजवणारे सर होते. गोल पोटाचे, गडगडाटी हसणारे. ते चक्रावले. "सात? बाई, आज कानात कापूस घालून आलात का?"

"मधल्या ओळीत घाई झाली."

"घाई? मला तर झुळूक वाटली!"

बाईंनी कागदावर सही केली. सगळे गेल्यावर मला मिटता मिटता त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "तळे राखी तो पाणी चाखी, असं उद्या कुणी म्हणायला नको."

तेव्हा मला कळले. आणि माझ्या तिन्ही चौकटी आतल्या आत कुरकुरल्या. चेहरा दिसू नये म्हणून मला उभे केले होते, पण चेहरा तर आवाजातूनच आरपार आला होता. आपल्या माणसाला झुकते माप द्यायचे नाही म्हणता म्हणता बाईंनी तागडी दुसऱ्या बाजूला झुकवली. दोष माझा होता का? मला ठाऊक नाही. पडद्याला तोंड नसते.

मुलीला खुर्ची मिळाली दुसऱ्या रांगेत. भिंतीवरचा गुणांचा कागद तिने दोनदा वाचला. मग विचारले, "बाई, माझं काय चुकलं?"

"मेहनत कर," बाई म्हणाल्या.

तिने केली. वर्षभर बोटांच्या टोकांना घट्टे पडेपर्यंत केली. दुसऱ्या वर्षी बारा नंबरची चिठ्ठी घेऊन ती अशी वाजवून गेली की ट्रंपेटवाले सर पेन्सिल धरायची विसरले. आणि बाईंना या वेळी खोडरबर लागलाच नाही. त्यांनी आधी नऊ लिहून पाहिलेच नाहीत. सरळ सात लिहिले. मला त्या दिवशी त्यांची भीती वाटली. चूक पहिल्यांदा करताना माणसाचा हात अडखळतो. पुढे हाताला वळण लागते.

निकाल लागल्यावर ती रिकाम्या खोलीत परत आली आणि माझ्या कापडाला कपाळ लावून रडली. काका पाण्याचा पेला घेऊन आले. "नंबर बारा, रडायला इथे बंदी नाही. पण गालिचा भिजवू नकोस पोरी, मलाच वाळवावा लागतो." ती रडता रडता हसली. पण त्यानंतर तिच्या वाजवण्यातला तो ओढा आटत गेला.

या दरम्यान माझ्या खणाबाहेर, जिन्याच्या पायऱ्यांवर, एक वेगळीच शाळा भरू लागली. काकांची नात बारा वर्षांची, वयाच्या मानाने उंच. आजोबांबरोबर सभागृहात यायची आणि दाराच्या फटीतून तालीम ऐकायची. भाचीने तिला एकदा बोलावले, गज हातात दिला, तारांवर पकड यावी म्हणून गजाला राळ कशी घासायची ते दाखवले, आणि मग रोजचेच झाले. पोरगी मोठी टिपकागद होती. भाचीला ती ताई म्हणायची. ताईची मान जशी कलायची, तशी हिची कलायची. ताई जिथे श्वास घ्यायची, तिथेच ही घ्यायची.

"ताई, ती जाड तार आधी का वाजवायची?"

"उगीच. जागी आहे का बघायचं."

"थुम्म! जागी आहे," नात म्हणायची आणि दोघी हसायच्या.

एक दिवस नातीने विचारले, "यंदा तू पहिली खुर्ची घेणार ना?"

भाचीने राळेचा खडा पेटीत टाकला. "मी यंदा नंबरच काढणार नाहीये. मावशी एवढी मोठी वादक. तिला कळत नसेल का? दोनदा सात दिले तिने. नाही माझ्यात ते. तू मात्र चाचणी दे. माझं व्हायोलिन घेऊन जा, तुझ्या त्या उसन्या खोक्यातून सूर निघेल तर शप्पथ."

खणात उभा राहून मी हे सारे ऐकले. चाकांवर असतो, तर बाईंच्या घरापर्यंत गडगडत गेलो असतो.

चाचणीचा दिवस उजाडला. भाची सकाळी नेहमीसारखी व्हायोलिनची पेटी घेऊन मावशीबरोबरच घरून निघाली होती. नंबर काढणार नाही हे तिने घरी सांगितले नव्हते. काकांनी मला पुसले, ठिगळ नीट केले, गालिचा अंथरला. चार मुले झाली. पाचवा नंबर आला.

थुम्म.

बाई ताठ बसल्या. त्यांनीच विकत घेतलेल्या व्हायोलिनचा आवाज. तीच सवय. श्वासाची तीच जागा. मी माझ्या अलीकडच्या बाजूला नातीचे काटकुळे पाय बघत होतो आणि पलीकडच्या बाजूला बाईंचा चेहरा. वाजवणे कच्चे होते, दोनदा गज घसरला, पण त्यात जीव होता. सरांनी आठ लिहिले. बाईंनी क्षणभर डोळे मिटले आणि सहा लिहिले. आठ त्यांनीही दिले असते, हे मी माझ्या बिजागऱ्यांची शपथ घेऊन सांगतो. त्यांना वाटले, सहा दिले तरी भाचीचे फार काय बिघडणार? ती जुनी, तिला कुणी काढत नाही. एक रांग मागे जाईल, इतकेच.

आठ आणि सहा. चौदा. एक कमी.

सगळी मुले झाली. सह्या झाल्या. काका मला मिटायला आले, आणि माझी पहिली घडी पडताच आजोबांमागून आत आलेली नात समोर दिसली. पाच नंबरची चिठ्ठी मुठीत आणि भाचीचे व्हायोलिन छातीशी.

"ही?" बाईंनी विचारले. "नंबर पाच ही आहे?"

"माझी नात," काका म्हणाले. "आधी बोललो नाही. नियम तुमचाच ना, बाई."

"आणि... आमची?"

"ताई बाहेर बसलीय पायरीवर. तिने नंबरच नाही काढला."

बाईंनी भराभर कागद चाळून पाच नंबरचा बाहेर काढला. सरांना काही कळेना. "काय झालं बाई?"

"सर, नंबर पाचचा माझा कागद फाडा."

"अहो, सही झालीय! तुमचाच नियम..."

"नियम माझा, पापही माझंच. मी वाजवणं ऐकलंच नाही. कोण वाजवतंय ते ऐकलं."

काका मध्ये पडले. "नको बाई. माझी नात म्हणून काही बदलू नका. लोक नावं ठेवतील."

"लोकांनाच भीत बसले काका, म्हणून तर हे झालं." बाईंनी पेन्सिल सरांपुढे सरकवली. "व्हायोलिनच्या सगळ्या मुलांना पुन्हा ऐकायचं. माझ्या जागी बाहेरचा कुणी परीक्षक बोलवा. मी बसणार नाही."

"म्हणजे मी परत वाजवायचं?" नातीने घाबरत विचारले.

"हो बाळ. आणि अगदी असंच वाजवायचं."

मित्रांनो, मला तुमच्याकडे थोडेच मागायचे आहे. मला ओलीत ठेवू नका, भोके पाडू नका, मिटताना बिजागरीत बोट आणि कापड दोन्ही सांभाळा. जुन्या वस्तूला एवढे पुरते. पण माणसांची निगा याहून अवघड असते. परक्याला शाबासकी द्यायला आपण दहा वेळा पुढे होतो, आणि घरातल्याची शाबासकी 'आपलीच तर आहे' म्हणून मागे ठेवतो. ती ठेवल्या ठेवल्या आंबते. मी वर्षातून दोन दिवस माणसांच्या मधे उभा राहतो आणि काम झाले की मला मिटतात. तुमच्या घरात मी कुणाला दिसत नाही, म्हणून तिथे तीनशे पासष्ट दिवस उभाच असतो.

त्या दिवशी मी अर्धा मिटलेला, तसाच भिंतीला टेकून होतो. सर आणि काका नातीला घेऊन बाहेर गेले होते. भाची व्हायोलिन न्यायला आत आली. बाईंकडे न बघता पेटी उघडून तिने व्हायोलिन आत ठेवले, गज पुसला.

"बाई, तिला घेतलं नाही ना? चौदाच झाले?" ती खालच्या आवाजात म्हणाली. "तिचा दोष नाही. माझ्याकडून शिकली. माझ्यात जे कमी आहे, तेच तिच्यात उतरलं असणार."

बाई उठल्या. त्या आणि ती, मधे चार पावलांचा गालिचा. बाई तो ओलांडून आल्या आणि तिच्यासमोर खाली, जमिनीवरच बसल्या.

"इकडे बघ. मावशीकडे बघ," त्या म्हणाल्या. "पहिल्या वर्षी तू वाजवलंस, तेव्हा मी तुला ओळखलं होतं. मी नऊ लिहिले होते आणि माझ्या हाताने पुसले. दुसऱ्या वर्षी तर ते लिहायचीही हिंमत नाही झाली मला. लोक काय म्हणतील, या भीतीने. तुझ्यात काही कमी नाही गं. या साठांत तुझ्यासारखं कुणी वाजवत नाही. तुझ्या वयाची असताना मीसुद्धा नाही वाजवायचे."